पावणेतीनचा शॉर्ट

सीलसाहेब दारात उभे दिसले की लोक आधी घरातले दिवे मालवत आणि मग "या, या" म्हणत. वीज खात्यात तेहतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: घरोघर जाऊन मीटर तपासणं. मीटरच्या झाकणातून तार ओवायची, तारेच्या टोकांना शिशाची गोळी बसवायची आणि पकडीनं ती गोळी चेपायची. झालं सील. पुढच्या खेपेला गोळीवर नुसता ओरखडा दिसला तरी घरमालकाची धडगत नसे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खात्याची सगळी हत्यारं परत केली. सील दाबायची पक्कड तेवढी परत करायची राहून गेली. दुसऱ्या कुणाची राहिली असती, तर साहेबांनीच त्याच्यावर केस केली असती.

अशा माणसाचा स्वभाव संशयी होतो, यात त्याचा काय दोष? फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरोखर विझतो, याबद्दल त्यांची आजतागायत खात्री पटलेली नाही. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. जिन्यात भेटलो की ते आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

"बाजारातून?" ते विचारतात.

"हो."

"एवढ्या लवकर?"

या प्रश्नाला निर्दोष माणसाकडे काहीही उत्तर नसतं.

पण या संशयाची किंमतही त्यांना मोजावी लागली होती. तेहतीस वर्षं ज्यांच्या घरी ते न बोलावता गेले, त्यांनी निवृत्तीनंतर बोलावलं नाही आणि त्यांच्याकडे कुणी फिरकलंही नाही. लग्नकार्यात त्यांच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहायची. सगळ्या गावात त्यांच्याकडे आपण होऊन येणारा माणूस एकच, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. घरातली मुलं त्याला मामा म्हणायची, म्हणून सगळी गल्ली मामा म्हणायची. मुलं मोठी होऊन परगावी गेली, मामा तेवढे राहिले.

मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी रेडिओ ऐकणं सोडलं तसं दुकानही सुटलं. बायको वारलेली, घरी एकटे. रोज दुपारी तीनच्या ठोक्याला ते जिना चढायचे, साडेपाचला उतरायचे. मधल्या अडीच तासांत दोघं मेहुणे वरच्या खोलीत आगगाडीचं स्टेशन बांधायचे.

हो, स्टेशन. साहेबांना लहानपणापासून आगगाडीचं वेड. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीलगतच्या पत्र्याच्या खोलीत चार मीटर लांब फळी टाकली आणि तिच्यावर एक टर्मिनस उभारायला घेतलं. तीन फलाट, शेवटाला रुळ संपतात तिथे अडसर, आणि आलेलं इंजिन डब्यांपासून सुटून दुसऱ्या टोकाला जावं म्हणून बाजूची एक सुटी लाइन. गाडी हाताच्या पंजाएवढी. पण तिला चालायला रुळांतून वीज लागते आणि ती वीज नेमकी हव्या त्याच रुळात जावी लागते. म्हणजे हे स्टेशन वरून रेल्वेचं आणि खालून वीज खात्याचं.

कामाची वाटणी पहिल्या दिवशीच झाली. फळीच्या वरचं साहेबांचं, खालचं मामांचं. साहेब रुळ टाकायचे, मामा फळीखाली उताणे पडून वायर जोडायचे. प्रत्येक रुळाखाली एक भोक, भोकातून एक वायर. फलाटाकडच्या रुळाला लाल, भिंतीकडच्या रुळाला काळी. मामा वायरला सोल्डरचा टिपका असा द्यायचे की जणू एखाद्या मुलीच्या कपाळावर तीट लावतायत. अडीचशे टिपके दिले त्यांनी, पाठीला पट्टा बांधून.

आणि साहेबांचे रुळ! पाहणाऱ्यानं बोट फिरवावं आणि जोड कुठे आहे ते सांगून दाखवावं. एका रुळाला दुसरा रुळ असा भिडवलेला की मधून वारा जाणार नाही. नोकरीत त्यांनी एकच तत्त्व पाळलं होतं: जिथे फट, तिथे चोरी. ते तत्त्व त्यांनी रुळांनाही लावलं. थंडीचे दिवस होते, स्वेटर घालून साहेब एकेक रुळ ठोकून बसवत होते.

फट ठेवणं भागच होतं अशा जागा फक्त चार. गाडी एका लाइनीवरून दुसरीवर जाते त्या सांध्यापाशी लाल बाजूचा रुळ काळ्या बाजूच्या रुळाजवळ येतो. ते दोन्ही एकमेकांना भेटले की शॉर्ट. म्हणून तिथे रुळ कापून एक खाच ठेवावी लागते. साहेबांच्या जिवावर आलं होतं. बाजारातलं सगळ्यात बारीक पात्याचं करवत आणून त्यांनी त्या चार खाचा पाडल्या आणि मला वर बोलावून भिंगातून दाखवल्या.

"केस घालून बघा," ते म्हणाले.

मी माझा एक केस दिला. मला ते परवडत नाही, तरी दिला. गेला नाही.

"बघा!" ते म्हणाले. "खाच आहे आणि नाहीही."

फळीखालून मामांचा आवाज आला, "भाऊजी, जरा सैल सोडली असती तरी चाललं असतं."

"मामा, तुम्ही तुमच्या तळघरात लक्ष घाला."

पुढे ऊन वाढलं आणि भानगड सुरू झाली.

सकाळी आठला साहेब गाडी सोडून बघत. तिन्ही फलाटांवर सुरळीत. मग जेवण, जेवणानंतर झोप. तीनला मामा येत, दोघं वर जात, साहेब बटण फिरवत आणि कंट्रोलरवरचा लाल दिवा लागे. शॉर्ट! गाडी जागच्या जागी उभी. मामा खाली शिरून मीटरनं एकेक वायर तपासत. सगळं बरोबर. साडेपाचला घाम पुसत ते घरी जात. सातला साहेब पुन्हा बटण फिरवत, आणि गाडी शहाण्या सुनेसारखी मुकाट फलाटाला लागे.

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा साहेबांनी नोंदवही काढली.

त्या दिवसापासून ते जिन्यात भेटले की आवाज खाली आणून बोलू लागले. "एक गोष्ट लक्षात आली का तुमच्या?" ते मला म्हणाले. "मामा नसले की गाडी चालते. मामा आले की बंद. मामा गेले की परत चालते."

"पण परवा तर मामा असताना चालली की."

"परवा आभाळ होतं आणि मामांना सर्दी होती," साहेब म्हणाले. "आजारी माणूस लबाडी करत नाही."

खरं सांगायचं तर मलाही ते पटायला लागलं होतं. संशय हा सर्दीसारखाच असतो, शेजारी बसलं की लागतो. मामा तीनला जिना चढताना मी दाराच्या फटीतून त्यांच्या खिशांकडे बघू लागलो. एका खिशात काहीतरी फुगलेलं दिसायचं. तो चष्मा होता हे मला पुढे कळलं.

साहेबांनी आता खोलीलाच सील ठोकलं. कडीतून तार, तारेला गोळी, गोळीवर पक्कड. सकाळची गाडी बघून झाली की ते लावायचं, दुपारी तीनला मामांच्या देखत तोडायचं. मला साक्षीदार म्हणून सही करायला लावायचे. सील शाबूत, कुलूप शाबूत, आणि तीनला शॉर्ट आहेच.

"म्हणजे बाहेरून कुणी येत नाही," साहेब म्हणाले. "जे होतं ते तीननंतर होतं. आणि तीननंतर आत कोण असतं?"

"तुम्ही."

"आणि?"

साहेबांच्या बायको, आमच्या वहिनी, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आणि तुमचं डोकं! माझ्या भावाला कशाला हवंय तुमचं ते खेळणं बिघडवायला?"

हेतू साहेबांनी शोधून ठेवलेलाच होता. अकराव्या शॉर्टच्या दिवशी त्यांनी तो मामांना वाचून दाखवला. मी तिथेच होतो, सहीसाठी. साहेब खुर्चीवर, वही मांडीवर. मामा नुकतेच फळीखालून निघून जमिनीवर बसलेले, हातात तापलेलं सोल्डरिंगचं हत्यार.

"अकरा वेळा," साहेब म्हणाले. "योगायोग अकरा वेळा होत नसतो, मामा."

"नाही होत," मामांनी मान डोलावली. "म्हणून म्हणतो, मला एकदा वरच्या बाजूला बघू द्या."

"वर फट नाही. फट नाही तिथे दोष नाही. दोष खाली आहे आणि खाली तुम्ही आहात."

"मी कशाला करेन, भाऊजी?"

साहेबांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "काम संपलं तर येणं संपेल. येणं संपलं तर दुपारचा चहा आणि बसणं-उठणं संपेल. सबब काम संपू नये, हा हेतू."

खोलीत पत्रा तापल्याचा टकटक आवाज येत होता.

"चहासाठी," मामा म्हणाले.

साहेबांनी वही मिटली.

"चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ उघडले मी, भाऊजी. आत काय बिघडलंय ते बघायला. कुणी बिघडवलं, हे कधी कुणाला विचारलं नाही."

एवढं बोलून ते उठले. आता इथून तडक निघून जायचं, पण हातातलं हत्यार अजून तापलेलं. ते गार झाल्याशिवाय पिशवीत टाकता येईना, आणि मागे ठेवून जायचं त्यांच्या मनात नव्हतं. म्हणून मामा ते हत्यार हातात धरून दाराशी उभे राहिले. दहा मिनिटं. साहेब वहीकडे बघत होते, मी छताकडे. रागावून निघालेल्या माणसाबरोबर दहा मिनिटं गप्प बसणं यापेक्षा अवघड शिक्षा मी भोगलेली नाही. मग मामांनी बोट लावून बघितलं, हत्यार फडक्यात गुंडाळलं, पिशवीत टाकलं आणि ते जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले. मामा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

वहिनींनी अबोला धरला नाही. अबोला परवडला असता. त्या भिंतीशी बोलू लागल्या. "कुणाला जेवायचं असेल तर पान वाढलंय." "कुणाच्या मेहुण्यानं चहा चोरून नेला नसेल तर शिल्लक आहे थोडा." साहेब मुकाट्यानं चहा पीत. तीन वाजता उठून दार उघडत, जिन्यात वाकून बघत आणि दार लावून घेत. माझ्या दारातून मला सगळं दिसायचं. एकदा आमची नजरानजर झाली.

"वारा येतो का बघत होतो," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी ते खाली आले. दाढी वाढलेली. "आज मामा नाहीत, म्हणजे आज शॉर्ट होता कामा नये," ते म्हणाले. "झाला नाही, तर मी बरोबर होतो. चला माझ्याबरोबर."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. आपण बरोबर ठरावं असं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो.

एक वाजता आम्ही दोघं खोलीत गेलो आणि साहेबांनी वहिनींकडून बाहेरून सील लावून घेतलं. वहिनींनी पक्कड इतक्या आनंदानं दाबली की आता हे सील कधी तुटणार नाही अशी मला भीती वाटली. आत आम्ही, पत्रा, पाण्याचा तांब्या आणि टर्मिनस. गाडी चालू केली. पहिला फलाट, दुसरा, तिसरा, परत पहिला. साहेब भिंग घेऊन रुळांवर ओणवे. एक वाजून गेला, दोन वाजून गेले. खिडकीतून ऊन आलं आणि फळीवर आडवं पसरलं. रुळांना हात लावला तर चटका. माझा शर्ट पाठीला चिकटलेला.

"अजून चालतीये," साहेब पुटपुटले. त्यांचा आवाज पडला होता.

पावणेतीनला लाल दिवा लागला.

गाडी सांध्यावर थबकली. खोलीत तिसरा माणूस नव्हता. साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. मग ते फळीखाली वाकले, कोपऱ्यात उंदीर आहे का ते बघितलं, खिडकीची कडी ओढून बघितली. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, तेव्हा ते भिंग घेऊन सांध्यापाशी आले. घाम डोळ्यांत जात होता म्हणून त्यांनी मानेवरचा पंचा तांब्यात बुडवला, तोंडावरून फिरवला आणि हात टेकायला जागा हवी म्हणून तापलेल्या लांब रुळावर तो ओला पंचा टाकून त्यावर कोपर टेकलं.

मिनिटभरानं लाल दिवा विझला आणि गाडी आपली निघाली.

साहेबांनी पंचा उचलला. थोड्या वेळानं दिवा लागला. पंचा टाकला. दिवा विझला. असं तीनदा झालं. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि ते खुर्चीवर बसले.

मी बघितलं. ज्या खाचेत माझा केस गेला नव्हता, ती खाचच नव्हती. थंडीत छातीला छाती लावून उभे केलेले रुळ उन्हानं लांबले होते. लांबलेल्या रुळाला सरकायला जागा लागते, आणि चार मीटरमध्ये साहेबांनी कुठे जागाच ठेवली नव्हती. होती ती या चार खाचांत. सगळे रुळ तिथे घुसले होते आणि लाल आणि काळी बाजू एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसली होती. संध्याकाळी गार झालं की त्या सुटत. मामा तीनला येत, यात मामांचा गुन्हा एवढाच की ऊनही त्याच सुमाराला येतं.

तेहतीस वर्षं साहेबांनी घराघरावर धाडी घातल्या होत्या. स्वतःवर घातली नव्हती.

"वहिनी, दार उघडा!" मी हाक मारली.

"सापडला का चोर?" बाहेरून आवाज आला.

"सापडला," साहेब आतून म्हणाले. "उघड."

ते तसेच, घामेजल्या अंगानं, मामांच्या घरी निघाले. मला बरोबर घेतलं. एकट्यानं कुणाच्या दारात जायची त्यांना सवयच नव्हती. खात्याच्या नियमानं कायम दोघं लागायचे.

मामांची खोली तळमजल्यावर. भिंतीलगत जुने रेडिओ रचलेले, टेबलावर एक पोट उघडून टाकलेला. दारात उभं राहिल्यावर साहेबांची नजर सवयीनं मीटरकडे गेली. ती त्यांनी ओढून खाली आणली.

"पावणेतीनला शॉर्ट झाला," ते म्हणाले. "खोलीला सील होतं."

"बरं," मामा रेडिओतून मान वर न काढता म्हणाले.

"तुम्ही नव्हता."

"मी नव्हतो ते मला माहीत आहे, भाऊजी."

"दोष वर आहे. रुळांत."

"रुळ कुणी टाकलेत?"

एवढा सोपा प्रश्न, पण साहेबांना तो माझ्या तोंडाकडे बघून सोडवावा लागला. मी काही मदत केली नाही. "मी," ते म्हणाले.

मामांनी पेचकस खाली ठेवला. "आणि चहाचं?"

"ते वहीत खोडलंय."

"वहीतलं मी वाचलं नव्हतं. तोंडचं ऐकलं होतं."

साहेब उंबऱ्याच्या आत आले. मग म्हणाले, "दोन दिवस तीनला दार उघडून बघतोय. जिन्यात कुणी नसतं. ते काम संपू नये असं... तुम्हाला नसेल वाटत. मला वाटत होतं. ते मी तुमच्या नावावर लिहिलं."

मामांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतकं नीट त्यांनी कधी एखादा रेडिओही पाहिला नसेल. मग उठून त्यांनी भिंतीवरची पिशवी काढली.

"एका अटीवर येतो. वरचं मी करणार. खाली तुम्ही जायचं, वायर धरायला. आणि मी कापत असताना बघायला बाहेर यायचं नाही."

"कापत असताना?"

"दोन दोन रुळांच्या मध्ये नखाएवढी जागा सोडावी लागेल. सगळीकडे. आणि चारही खाचा रुंद करून त्यात प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवायचा."

"सगळीकडे," साहेब म्हणाले. एखाद्याला घर मोडायला सांगावं तसा चेहरा झाला.

त्याच दुपारी ते फळीखाली शिरले. साठी उलटलेला तो माणूस उताणा पडून वायरींच्या जंगलात दिसेनासा झाला. बाहेर नुसते दोन पाय. वहिनी वर येऊन स्टुलावर बसल्या होत्या, आणि तीन दिवसांनी भिंतीला सोडून माणसांशी बोलत होत्या. मामांनी जरा जाड पात्याचं करवत काढलं, रुळावर ठेवलं आणि पहिला हात मारला. करकर आवाजाबरोबर फळीखालचे दोन्ही पाय ताठ झाले.

"मामा, किती कापलंत?"

"पुरेसं."

"मोजून?"

"डोळ्यानं."

उजवा पाय वाकला, टाच जमिनीत रुतली, आता साहेब निघणार असं मला वाटलं. वहिनींनी त्या पायाकडे बघितलं. पाय तसाच राहिला, मग सावकाश सरळ झाला.

"भाऊजी, या भोकातून चुरा खाली पडेल," मामा म्हणाले. "डोळ्यांत जाईल. डोळे मिटा."

आपल्या हद्दीत दुसरा माणूस काम करत असताना सीलसाहेबांनी आयुष्यात डोळे मिटले नव्हते.

"मिटले?" मामांनी विचारलं.

"मिटले," खालून आवाज आला.

करवत चालू झालं. एक रुळ झाला, दुसरा झाला, तिसरा अर्ध्यावर आला.

"उघडू का?"

"अजून नाही."

"बरं," साहेब म्हणाले, आणि पडून राहिले.